राऊ आणि आप्पा

आमच्या वस्तीचें नांव विश्रांतवाडी. पुणें शहराच्या ईशान्येस, आळंदीच्या रस्त्यावर ती वसली आहे. दर वर्षीं ज्येष्ठ वद्यांत ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्यास जातांना आमच्या वाटेनेंच जाते. त्या दिवशीं पहाटेपासून आम्ही दोघे भाऊ ओसरीवर खुर्च्या टाकून बसतों. मी पंचाहत्तरी गांठलेला, धाकटा सत्तरी ओलांडलेला. सुना वारकऱ्यांना चहा देतात, मुलें राजगिऱ्याचे लाडू वाटतात, आणि आम्ही दोघे नुसतें पाहतों. वस्तीच्या नांवास शोभेसें वागण्याचें आमचें वय झालें आहे, एवढाच त्याचा अर्थ.

यंदाच्या वारीस आठवडा उरला असतां धाकट्याचा नातू वही घेऊन माझ्याकडे आला. त्यास शाळेंत थोरल्या बाजीरावांवर निबंध लिहावयाचा होता, आणि इतिहासाची गोष्ट निघाली कीं आमच्या घरीं सर्वजण माझ्याकडे बोट दाखवितात. मुलानें वहींत लढायांची यादी नीट लिहून काढली होती : पालखेड, डभई, दिल्ली, भोपाळ. ती वाचून दाखवितां दाखवितां तो मध्येंच थांबला आणि म्हणाला, "आजोबा, हे वीस वर्षें सारखे बाहेरच होते. मग घरीं कोण होतें?"

"त्यांचा धाकटा भाऊ होता," मी म्हणालों.

शेजारीं बसलेला माझा भाऊ हंसला. हंसतां हंसतां त्यास खोकला लागला, आणि तो पाणी पिण्यास आंत गेला. मुलानें माझें वाक्य वहींत लिहून घेतलें. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

बाजीरावांचें चरित्र आपणां सर्वांस पाठ असतें; परंतु तें बहुधा एकाच बाजूनें. बाळाजी विश्वनाथ इ. स. १७२० च्या एप्रिल महिन्यांत सासवडास वारले, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस शाहू महाराजांनीं मसूर येथें त्यांच्या वडील मुलास पेशवाईचीं वस्त्रें दिलीं. मुलाचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा. म्हणजे वयास वीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. पेशवा म्हणजे राज्याचा मुख्य प्रधान. त्याचें काम कारभाराचें, पत्रव्यवहाराचें, तहनाम्यांचें. या तरुण प्रधानानें मात्र सेनापतीचें कामही स्वतःकडे ओढून घेतलें, आणि पुढील वीस वर्षांत मराठ्यांचे घोडे नर्मदा ओलांडून थेट यमुनेपर्यंत नेले. एकाही मोठ्या लढाईंत त्यास हार खावी लागली नाहीं. हें सर्व खरें. परंतु प्रधान वर्षांतले सात-आठ महिने घोड्यावर असतां प्रधानकीचें दफ्तर, महाराजांचा दरबार, आई, बायका-मुलें आणि सावकार यांच्याकडे कोण पाहत होतें, हा प्रश्न सातवींतल्या मुलास सुचला. मला साठ वर्षांत सुचला नव्हता.

पालखेडचीच गोष्ट घ्या. इ. स. १७२७-२८ मध्यें निजामुल्मुल्क पुणें प्रांतावर चालून आला. शाहू महाराज आणि चिमाजीआप्पा यांस पुरंदरच्या आश्रयास जावें लागलें, आणि पुणें शत्रूच्या हातीं पडलें. दुसरा कोणी असता तर घर वांचविण्यास माघारा धांवता. बाजीराव घराकडे वळलेच नाहींत. त्यांनीं निजामाच्याच मुलखांत दौड मारली. जालना, वऱ्हाड, खानदेश, गुजराथ असा विलक्षण फेरा घेतला, आणि त्या वृद्ध व मुरब्बी सरदारास आपल्या पाठीमागें ओढीत आणून २८ फेब्रुवारी १७२८ रोजीं पालखेडापाशीं पाण्यावांचून कोंडलें. पुढील महिन्यांत मुंगी-शेवगांवचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धांतील प्रसिद्ध इंग्रज सेनापति माँटगोमरी यांनींही युद्धशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथांत या मोहिमेची वाखाणणी केली आहे. परंतु घर शत्रूच्या हातीं गेलें असतां घराकडे पाठ फिरविण्याची छाती कोणास होते? ज्याला पुरंदरावर आपला भाऊ उभा आहे हें ठाऊक असतें, त्यालाच.

तें वर्ष संपण्यापूर्वीं हाच धाकटा भाऊ स्वतः माळव्यांत उतरला, आणि २९ नोव्हेंबर १७२८ रोजीं अमझेरा येथें त्यानें मोंगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्या लढाईंत सुभेदार ठार झाला. वडील भाऊ त्याच सुमारास दुसऱ्या वाटेनें बुंदेलखंडाकडे निघाला होता. पुढें भोपाळास बाजीरावांनीं निजामास दुसऱ्यांदा कोंडलें, तेव्हां दक्षिणेकडून त्याच्या मुलाची, नासिरजंगाची, कुमक वर जाऊं नये म्हणून तापीच्या बाजूस आप्पा राबत होते; म्हणूनच १७३८ च्या जानेवारींत दुराईसराईचा तह होऊं शकला. आणि मे १७३९ मध्यें पोर्तुगीजांपासून वसई घेतली ती तर आप्पांनींच. अंगीं दुखणें मुरलेलें, छाती कमजोर; तरी कोंकणच्या दमट हवेंत दोन वर्षें त्यांनीं ती मोहीम रेटली.

बाजीरावांच्या पत्रांपैकीं जें सर्वांत गाजलें आहे, तें दिल्लीच्या स्वारीचें. १७३७ च्या मार्चअखेर बाजीराव अकस्मात् दिल्लीच्या वेशीपाशीं जाऊन उभे राहिले. मराठ्यांना चंबळेपार हांकलून लावल्याची बढाई सादतखानानें बादशहाकडे मारली होती. ती खोटी पाडावयाची होती. शहर जाळावें असें प्रथम मनांत असतांही तें केलें नाहीं, आणि कां केलें नाहीं, हें सर्व त्यांनीं पुढील महिन्यांत सविस्तर लिहून कळविलें. कोणास? आप्पांस. हिंदुस्थानच्या राजधानीस हादरा देणाऱ्या पुरुषास तो पराक्रम सर्वांत आधीं कोणास सांगावासा वाटला, तर घरच्या धाकट्या भावास.

येथें मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. ती फारच लहान आहे. परंतु ती सांगितल्यावांचून पुढचें सांगतां येणार नाहीं.

आमचें बालपण शनिवार पेठेंत, मुठेच्या कांठीं, ओंकारेश्वराच्या देवळाजवळ गेलें. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, आणि आमच्या बिऱ्हाडांतलें होतें नव्हतें तें नदीनें नेलें. वडील म्हणाले, आतां नदीपासून दूर जाऊं. त्यांनीं कर्ज काढून विश्रांतवाडीस हा लहानसा जमिनीचा तुकडा घेतला आणि वर्षादोन वर्षांनीं चार खोल्या बांधल्या. त्या काळीं आमच्या दारापुढें माळ होता, आणि रात्रीं कोल्हेकुई ऐकूं येई.

मी इंजिनिअर झालों, आणि वीजवाहिन्यांचे मनोरे उभारण्याच्या कामावर लागलों. इटारसी, झांशी, भोपाळ, खंडवा, बडोदें अशीं तीस वर्षें मीं तंबूंत आणि भाड्याच्या खोल्यांत काढलीं. पावसाळ्यांत काम थंडावलें म्हणजे दीड-दोन महिने घरीं येई. बायको आणि मुलें विश्रांतवाडीसच होतीं. धाकट्यास सरकारी कचेरींत नोकरी होती. बढतीबरोबर बदली येई म्हणून त्यानें दोनदां बढती नाकारली. आम्हीं त्याबद्दल कधीं फारसें बोललों नाहीं. मी त्यास पत्रांतून लिहीत असें, कीं अमुक नदीवरून तारा ओढल्या, अमुक डोंगरावर मनोरा चढविला. त्याचें उत्तर येई, कीं विहिरीचें पाणी आटलें आहे, वडिलांचा रक्तदाब वाढला आहे, तुझ्या मुलीस गणितांत पंचाऐशीं गुण मिळाले, छप्पर गळतें आहे पण पाहून घेईन. 'पाहून घेईन' हे दोन शब्द त्याच्या प्रत्येक पत्रांत असत. वडिलांच्या अखेरच्या रात्रीं त्यांचें डोकें त्याच्या मांडीवर होतें. मी गाडींत होतों.

पराक्रमाची किंमत कोणी तरी घरीं बसून चुकवीत असतो. बाजीरावांच्या बाबतींत ती किंमत रोकडीही होती. मोहिमांसाठीं काढलेल्या कर्जाखालीं ते इतके दबलेले होते, कीं धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्यानें मेटाकुटीस आलेला माणूस दिसतो. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला, आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. त्या पहिल्या बांधकामास १६,११० रुपये लागले अशी नोंद आहे. ज्यानें तो वाडा बांधला, त्याच्या वांट्यास त्याच्या छपराखालची झोंप किती थोडी आली!

आणि त्याच वाड्यांत मस्तानीचें प्रकरण घडलें. वाचकांस तें ठाऊक आहे. नाटकांनीं आणि चित्रपटांनीं त्यास पुरेसा रंग चढविला आहे. मी केवळ भावांपुरतें सांगतों. १७२९ मध्यें महंमदखान बंगशाच्या वेढ्यांतून बाजीरावांनीं छत्रसाल राजांना सोडविलें. त्यानंतर मस्तानी बुंदेलखंडांतून पेशव्यांच्या घरीं आली. दहा वर्षांनीं, १७३९ च्या अखेरीस, घरांतला विरोध विकोपास गेला. राधाबाई, आप्पा आणि बाजीरावांचा वडील मुलगा नानासाहेब एका बाजूस, राऊ दुसऱ्या बाजूस. मस्तानी पुण्याहून निसटून पाटसास राऊंच्या छावणींत गेली. तेथून तिला परत आणविण्यांत आलें. पुढें राऊ नासिरजंगावर चालून गेले असतां पुण्यास तिला कैदेंत ठेवण्यांत आलें. शाहू महाराजांकडून बाजीरावांचें मन मोडूं नये असा कल कळविला गेला. तरी घरानें ऐकलें नाहीं. आणि ज्याच्या भरंवशावर राऊंनीं वीस वर्षें घर सोंपविलें होतें, तोच भाऊ या कामांत पुढें होता.

आपल्याकडे या गोष्टीचा निवाडा दोन प्रकारांनीं होतो. कोणी म्हणतात, आप्पांनीं कुळाची लाज राखली. कोणी म्हणतात, आप्पांनीं क्रौर्य केलें. मी पुष्कळ वर्षें दुसऱ्या पक्षाचा होतों. त्याचें कारण इतिहासांत नव्हतें, माझ्या घरांत होतें.

वीस वर्षांपूर्वीं माझ्या मुलीनें आमच्या धर्माबाहेरच्या एका सज्जन, सुशिक्षित मुलाशीं लग्न केलें. मी तेव्हां खंडव्याकडे कामावर होतों. मुलीनें मला आधीं कळविलें होतें, आणि मीं 'तुझ्या मनाप्रमाणें कर' असें उत्तर दिलें होतें. माझ्या मतें मी उदार वागलों. परंतु आईची समजूत घालण्यास मी आलों नाहीं. तें काम मीं, नेहमींप्रमाणें, धाकट्यावर सोडलें. आई छत्तर वर्षांची होती. तिनें अन्न सोडलें. तिसऱ्या दिवशीं धाकट्यानें तिला वचन दिलें, कीं मुलगी या घराचा उंबरठा चढणार नाहीं. आणि तसें त्यानें मुलीस स्वतः जाऊन सांगितलें. ज्या पुतणीस त्यानें सायकल शिकविली, जिच्या गणिताचे गुण तो मला कळवीत असे, तिला.

त्याच महिन्यांत एका रविवारीं मी कामावरच्या जीपनें रावेरखेडीस गेलों. नर्मदेच्या कांठीं तें लहानसें गांव आहे. २८ एप्रिल १७४० रोजीं बाजीराव तेथें छावणींत वारले, तेव्हां त्यांचें वय अवघें एकोणचाळीस होतें. काशीबाई आणि लहानगे जनार्दनपंत जवळ होते. आप्पा आणि नानासाहेब कोंकणांत होते. भोंवतीं ओवऱ्या, मध्यें दगडी समाधि, आणि पलीकडे रुंद, संथ पाणी. मी तेथें बराच वेळ बसलों. खोटें कशाला सांगूं, राऊंच्या जागीं मीं स्वतःस पाहिलें. आयुष्यभर बाहेर राबलों, आणि ज्यांच्यासाठीं राबलों त्यांनीं माझ्या पाठीमागें माझ्या प्रिय माणसास दार लावलें, असें मला वाटलें, आणि डोळे भरून आले. स्वतःविषयींची ती कींव मोठी गोड होती. तिच्या बळावर मी वीस वर्षें काढलीं.

आई पांच वर्षांनीं गेली. मी निवृत्त होऊन विश्रांतवाडीस आलों. मुलगी याच शहराच्या दुसऱ्या टोंकास, तासाभराच्या वाटेवर राहते. मी तिच्याकडे जात असें, नातवास खेळवून येत असें, आणि घरीं त्याविषयीं शब्द काढीत नसें. धाकटाही काढीत नसे. एका ओसरीवर रोज संध्याकाळीं दोन म्हातारे भाऊ बसत, आणि दोघांच्या मध्यें तिसरी खुर्ची रिकामी असावी, तसें तें मौन बसलेलें असे.

मुलाच्या प्रश्नानें त्या रात्रीं मला जागें ठेवलें, तें यामुळें. 'मग घरीं कोण होतें?' घरीं जो होता, त्यास उपाशी आई दिसत होती. मला ती दिसत नव्हती. म्हणून मला उदार होणें सोपें गेलें. राऊ पाटसच्या छावणींतून मोहिमेवर गेले. आप्पांना मात्र आईसमोर, पुण्याच्या ब्रह्मवृंदासमोर, घरांतल्या मुंजी-लग्नांसमोर उभें राहावयाचें होतें. यानें त्यांचें कृत्य योग्य ठरत नाहीं. एका स्त्रीस तिच्या मुलापासून आणि माणसापासून तोडून कोंडणें हा अन्यायच होता, आणि माझ्या मुलीस घराबाहेर ठेवणें हाही अन्यायच होता. परंतु ज्यानें सारें घर दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलें, त्यानें तो खांदा कोणत्या बाजूस झुकला एवढेंच पाहून न्याय द्यावा काय? घराचा प्रत्येक कठीण शब्द त्याच्या तोंडून यावा आणि प्रत्येक गोड शब्द माझ्या पत्रांतून जावा, अशी वांटणी मींच करून ठेवली होती.

रावेरखेडीस मला आणखी एक गोष्ट आठवली नव्हती, ती आतां आठवली. राऊ गेल्यानंतर आप्पा आठ महिनेही जगले नाहींत. १७४० च्या डिसेंबरांत ते वारले, आणि त्यांची समाधि ओंकारेश्वराजवळ आहे. लहानपणीं आम्ही दोघे तेथेंच खेळत असूं. ती कोणाची, हें आम्हांस माहीत नव्हतें. मस्तानीही त्याच वर्षीं गेली, आणि पाबळास तिची कबर आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर पेशव्यांच्या घरींच वाढला, आणि १७६१ मध्यें पानिपतावर आप्पांच्या मुलाच्या, सदाशिवरावभाऊंच्या, सैन्यांत लढला. त्याच युद्धाच्या जखमांनीं त्यास मरण आलें. म्हणजे ज्या दोघांच्या वडिलांची घरांत समजूत पटली नाहीं, ते दोघे रणांत एका बाजूस उभे राहिले. राऊ आणि आप्पा यांना मात्र समोरासमोर बसून बोलण्यास सवड मिळाली नाहीं. एप्रिलांत एक गेला, डिसेंबरांत दुसरा.

आम्हांस सवड होती, आणि आम्ही ती वायां घालवीत होतों.

यंदा आमच्या घरावर एका विकसकाचा प्रस्ताव आला आहे. जुनें घर पाडून सहा मजली इमारत उभी करावयाची, आणि आम्हां भावांस त्यांत जागा द्यावयाच्या. कागदोपत्रीं आमचे वांटे निम्मे निम्मे आहेत. माझा मुलगा परदेशांतून दर आठवड्यास विचारतो, कीं सही झाली कां. धाकट्यानें ते कागद महिन्यापूर्वीं माझ्यापुढें ठेविले आणि म्हटलें, "दादा, तूं म्हणशील तसें."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी ते कागद घेऊन ओसरीवर गेलों आणि म्हणालों, "अरे, हें घर वडिलांनीं बांधलें, पण उभें ठेवलें तूं. माझी निम्मी वांटणी कागदावरची आहे. मोठी जागा तुझ्या नांवावर व्हावयाची. मला एक खोली पुरे. मीं मुलास तसें सांगितलें आहे."

त्यानें कागद चाळले नाहींत. बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "कागदांचें मग पाहूं. पोरीला यंदा वारीस बोलाव. पालखी तिला फार आवडायची."

मी कांहीं बोललों नाहीं. तोच पुढें म्हणाला, "आईला शब्द दिला होता, दादा. आई गेल्यावर तूं एकदां तरी विचारशील असें मला वाटत होतें. तूं विचारलें नाहींस. मग मलाही धीर झाला नाहीं."

वीस वर्षें मी ज्यास त्याचा हट्ट समजत होतों, तें माझ्या एका प्रश्नाची वाट पाहणें होतें.

पालखीच्या दिवशीं मुलगी आली. जांवई आणि नातू बरोबर होते. टाळ-मृदंगांचा गजर आळंदीकडून नुकताच ऐकूं येऊं लागला होता. धाकट्यास अलीकडे दहा पावलें चाललें तरी धाप लागते. तो खुर्चीवरून उठला, आणि कोणाचा हात न धरतां फाटकापर्यंत गेला. काय बोलला, तें मला गलक्यांत ऐकूं आलें नाहीं. मुलीनें वांकून नमस्कार केला, त्यानें तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तिच्या मुलाचें बोट धरून तो त्यास ओसरीवर घेऊन आला. त्या दिवशीं ओसरीवर तिसरी खुर्ची खरोखरच मांडावी लागली.

धाकट्याच्या नातवाचा निबंध शाळेंत गेला. त्यांत पालखेड आहे, दिल्ली आहे, भोपाळ आहे. शेवटीं त्यानें लिहिलें आहे, कीं बाजीराव बाहेर असतांना त्यांचा धाकटा भाऊ घरीं होता. ओळ साधी आहे. तींत दुरुस्ती करावी असें मला वाटलें नाहीं. आपल्या घरांतल्या अशा एखाद्या आप्पास वाचकांनीं आज सहज विचारून पाहावें, कीं बाबा रे, मी बाहेर असतांना येथें काय काय झालें?